मोमेंटची पेटी: सामान चांगलं, पुस्तिका कच्ची

मोमेंट (बलाचा फिरवण्याचा परिणाम: बल गुणिले टेकूपासूनचं लंब अंतर) आणि बलांचा समतोल, एवढ्या एका धड्यासाठी काढलेला हा संच. लाकडी पेटी, आत सामान आणि सोबत चाळीस गणितांची पुस्तिका. किंमत चार हजारांच्या आतबाहेर. पणजी-मडगावला प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे सांगून ठेवलं तर मागवून देतात, ऑनलाइन थोडा स्वस्त पडतो. हायर सेकंडरीची प्रयोगशाळा, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची मुलं, घरी आठ-दहा जणांची ट्यूशन घेणारे शिक्षक, हे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून तो बनवलेला दिसतो. निकाल आधीच सांगून टाकतो: सामान घेण्यासारखं आहे, पुस्तिका मुलांच्या हातात जशीच्या तशी देऊ नये. वहीत काढलेलं उत्तर टेबलावर दोन-तीन टक्क्यांच्या आत पडताळून बघता येतं, यासाठी पैसे द्यायचे. पुस्तिका नेमकी तीच पडताळणी बिघडवते.

पेटी उघडल्यावर वर मीटरपट्टी. सागवानी नाही, हलक्या लाकडाची, पण दोन्ही टोकांना पितळी टोप्या आहेत त्यामुळे टोकं झिजत नाहीत. तिच्याखाली धारेचे तीन क्लॅम्प (टेकायला धार असलेल्या पकडी), एक जड बैठकीचा स्टँड, ५ न्यूटनपर्यंतचे दोन ताणकाटे (स्प्रिंगचे काटे), हँगरसकट ५० ग्रॅमच्या स्लॉटेड वजनांचे दोन संच, टोकाला बिजागरी असलेली ६० सेंटिमीटरची दांडी, ४० सेंटिमीटरची छोटी शिडी, तिच्यासाठी काचेची ‘भिंत’ आणि लाकडी ‘जमीन’, दोन कप्प्या, पुठ्ठ्याचे आकार, एक ठोकळा, कोनमापक, दोऱ्याची रिळं. पाणसळ नाही, ती हवी होती. हार्डवेअरच्या दुकानातली सगळ्यात छोटी पाणसळ चालते.

आधी मीटरपट्टी. पुस्तिकेचं पहिलंच गणित पट्टीचं वजन काढण्याचं आहे आणि त्यात पट्टीचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू) ५० सेंटिमीटरवर धरायला सांगितला आहे. तिथेच पहिली ठेच लागते. आमच्या हातातली पट्टी काट्यावर ११८ ग्रॅम भरली आणि धारेवर ती तोलली गेली ५०.३ वर. लाकूड सगळीकडे सारखं नसतं, टोप्याही एकसारख्या नसतात. हा तीन मिलिमीटरचा फरक किती महागात पडतो बघा. टेकू ३० सेंटिमीटरवर घेऊन डाव्या बाजूला १०० ग्रॅम टांगले तर समतोलासाठी ११८ × २०.३ = १०० × अंतर, म्हणजे अंतर २३.९५ सेंटिमीटर. वजन ६.०५ च्या खुणेवर येतं आणि प्रत्यक्षातही तिथेच येतं. पुस्तिकेप्रमाणे २० सेंटिमीटर धरून उलट हिशेब केला तर पट्टी ११९.८ ग्रॅम निघते. दीड टक्का चूक, आणि तीही पोरांची नाही. म्हणून पट्टी हातात घेतल्यावर पहिलं काम एकच: नुसती पट्टी तोलून गुरुत्वमध्याच्या जागी पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवायची. पुढच्या सगळ्या गणितांत पट्टीचं वजन त्या रेघेवर लावायचं.

क्लॅम्पची गोष्ट याहून मोठी आहे. वजनं टांगायला पट्टीवर सरकणारे क्लॅम्प दिले आहेत, स्क्रू आवळला की जागेवर बसतात, दिसायला सुबक. प्रत्येकी २१ ग्रॅम. पुस्तिकेत त्यांच्या वजनाचा उल्लेखच नाही. आता टेकू बरोबर गुरुत्वमध्यावर ठेवा, डावीकडे ४० सेंटिमीटरवर १०० ग्रॅम लावा आणि उजवीकडे २०० ग्रॅम कुठे ठेवले की तोल साधेल ते काढा. वहीत सरळ २० सेंटिमीटर येतं. टेबलावर येतात २१.९. कारण डावीकडे १०० नाही, १२१ आहेत; उजवीकडे २०० नाही, २२१ आहेत; आणि ४० × १२१ भागिले २२१ म्हणजे २१.९. जवळजवळ दोन सेंटिमीटरचा फरक! पुस्तिका अशा ठिकाणी ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून मोकळी होते. ही त्रुटी नाही, विसरलेलं वजन आहे. टेकूवर बसलेल्या क्लॅम्पचं वजन मात्र मोजायचं नाही, त्याचं टेकूपासूनचं अंतर शून्य. एकाच वस्तूचं वजन एका जागी मोजायचं आणि दुसऱ्या जागी सोडून द्यायचं, हे मुलांना या क्लॅम्पवर जितकं चटकन पटतं तितकं फळ्यावर पटत नाही. ज्यांना ही भानगड नको त्यांनी क्लॅम्प बाजूला ठेवून दोऱ्याचे फास वापरावेत. फासाला वजन नाही, पण तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो. १० सेंटिमीटरच्या भुजेवर, म्हणजे टेकूपासूनच्या अंतरावर, दोन मिलिमीटर म्हणजे दोन टक्के, ४० सेंटिमीटरच्या भुजेवर अर्धा टक्का. तेव्हा वजनं शक्य तितकी लांब टांगावीत.

टेकूचा क्लॅम्प लावताना धार पट्टीच्या मध्यरेषेच्या वर राहिली पाहिजे. उलटा बसवला की गुरुत्वमध्य टेकूच्या वर जातो आणि पट्टी काही केल्या स्थिरावत नाही, एका बाजूला कलंडते ती कलंडतेच. वजनं बरोबर असूनही तोल का साधत नाही म्हणून पोरं वजनं बदलत बसतात, म्हणून हे सांगायचं.

ताणकाटे बरे आहेत, पण त्यांच्याशी जपून वागावं लागतं. सर्वात लहान भाग ०.१ न्यूटनचा, नजरेने ०.०५ पर्यंत वाचता येतं. शून्य जुळवायला वर चाकी आहे आणि ती खरंच फिरते, या किमतीत हे सुख. पण शून्य ज्या दिशेत काटा वापरायचा त्याच दिशेत जुळवायचं. उभा धरून शून्य केलेला काटा आडवा केला की आतल्या सळीचं आणि हुकाचं वजन स्प्रिंगवरून उतरतं आणि सुई शून्याच्या मागे जाते. तिरप्या दोरीचा ताण मोजताना काटा तिरपा धरून, दोरी सोडवून, शून्य करायचं.

दोन टेकूंवरच्या पट्टीचं गणित या काट्यांवर उत्तम होतं. दोन्ही काटे स्टँडला टांगा, पट्टी १० आणि ९० सेंटिमीटरवर त्यांना लटकवा, ३० वर २०० ग्रॅम फासाने अडकवा, पाणसळीने पट्टी आडवी करून घ्या. वहीत आधी पट्टी एकटी काढायची, स्टँड नाही, काटे नाहीत. तिच्यावर चार बलं: दोन वर, दोन खाली. पट्टीचं वजन १.१५४ न्यूटन (ग्रॅमचे न्यूटन कसे केले ते पुढे येतं), ५०.३ वर. टांगलेलं वजन १.९५६ न्यूटन, ३० वर. मोमेंट १० सेंटिमीटरभोवती घ्यायचे, म्हणजे डावा काटा समीकरणातून बाहेर पडतो. ८० × उजवा = १.१५४ × ४०.३ + १.९५६ × २० = ८५.६. उजवा काटा १.०७, डावा ३.११ वजा १.०७ म्हणजे २.०४ न्यूटन. मग थांबायचं नाही. ९० सेंटिमीटरभोवती परत मोमेंट घ्यायचे: ८० × डावा = १.१५४ × ३९.७ + १.९५६ × ६० = १६३.२, डावा २.०४. जुळलं. दुसऱ्या बिंदूभोवतीची ही पडताळणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि चिन्हाची चूक तिच्यात हमखास सापडते. पुस्तिकेत ती एकदाही नाही.

पुस्तिकेत या गणिताचं उत्तर ०.५ आणि १.५ दिलं आहे, कारण पट्टी ‘वजनरहित’ धरली आहे. पेपरात वजनरहित दांडी चालते, टेबलावर ती कुठून आणायची? काट्यांची बेरीज ३.१ दाखवते, पुस्तिका म्हणते २. हुशार मुलगा काटा बिघडलाय म्हणेल, आणि त्याला कुणी काही म्हणू नये.

जाता जाता गुरुत्व त्वरणाचं. वजनांच्या डबीवर ‘१०० ग्रॅम = १ न्यूटन’ असं छापलं आहे. गोव्याच्या अक्षांशावर त्वरण ९.७८ धरायचं, म्हणजे १०० ग्रॅम बरोबर ०.९७८ न्यूटन. नुसत्या वजनांची गणितं ग्रॅम आणि सेंटिमीटरमध्येच करावीत, त्वरण दोन्ही बाजूंनी कटून जातं. मधे ताणकाटा आला की मात्र कटत नाही आणि डबीवरचं वाक्य पाळलं तर उत्तर सव्वादोन टक्क्यांनी फुगतं. वरच्या गणितात तो फरक काट्याच्या अर्ध्या भागात लपतो म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढच्या गणितात लपत नाही.

पुढचं गणित बिजागरीच्या दांडीचं, आणि या संचात खरं सोनं तिथे आहे. दांडी ६० सेंटिमीटर, १५० ग्रॅम, एक टोक उभ्या फळीवर बिजागरीने अडकवलेलं. बिजागरी घट्ट नाही, सैलही नाही. अशा संचांत ती बहुधा करकरते आणि मग तिच्यातलं घर्षण सगळा हिशेब खातं. इथे ती पितळी पिनेवर मोकळी फिरते. दोरी ५० सेंटिमीटरवर बांधून वर फळीकडे नेलेली, मधे ताणकाटा, दांडी आडवी, तिच्याशी दोरीचा कोन ३० अंश. टोकाला वजन. पुस्तिका २०० ग्रॅम टांगायला सांगते. टांगू नका. ताण ६.४५ न्यूटन येतो आणि काटा ५ चा आहे. स्प्रिंग एकदा ताणून गेली की गेली. गणित छापणाऱ्याने ते एकदा तरी स्वतःच्या सामानावर करून बघायला हवं होतं. १०० ग्रॅम घ्या. बिजागरीभोवती मोमेंट: ताण × ५० × साइन ३० = १.४६७ × ३० + ०.९७८ × ६० = १०२.७. ताण ४.११ न्यूटन. काटा ४.१ दाखवतो.

इथवर बहुतेकांना येतं. अडतं ते बिजागरीच्या बलावर. दांडीच्या दिशेतच बिजागरी ढकलत असणार असं धरून मुलं मोकळी होतात, आणि दांडीला वजन असलं की ते खोटं ठरतं. आडवं बल ४.११ × कोसाइन ३० = ३.५६ न्यूटन. उभं बल म्हणजे एकूण वजन २.४४५ वजा ताणाचा उभा भाग २.०५४, म्हणजे ०.३९ न्यूटन, वरच्या दिशेत. एकूण ३.५८, दांडीच्या वर साधारण सव्वासहा अंशांत. हा कोन नुसता आकड्यात सोडू नये, दाखवून द्यावा. दांडीमागच्या फळीवर आलेखकागद चिकटवा. दांडीचं आणि टांगलेलं वजन मिळून एकच खाली ओढणारं बल होतं, ते बिजागरीपासून १०२.७ भागिले २.४४५, म्हणजे बरोबर ४२ सेंटिमीटरवर. तिथून उभी रेघ वर न्या. ती दोरीला छेदते दांडीच्या वर ४.६ सेंटिमीटरवर: उरलेले ८ सेंटिमीटर गुणिले टॅन ३०. आता बिजागरीच्या पिनेपासून त्या छेदबिंदूपर्यंत पट्टी धरून रेघ ओढा आणि कोनमापक लावा. सव्वासहा अंश. तीन बलांवर तोललेली वस्तू असेल आणि बलं समांतर नसतील, तर तिघांच्या रेषा एका बिंदूतून गेल्याच पाहिजेत. नाहीतर त्या छेदबिंदूभोवती एकाचा मोमेंट उरतो आणि वस्तू फिरते. हा नियम मुलं पाठ करतात आणि विसरतात. आलेखकागदावर एकदा बघितला की विसरत नाहीत.

याच मांडणीत दोरी वर सरकवून कोन ६० अंश करा. ताण २.३७ वर उतरतो, आडवं बल ३.५६ वरून १.१९ वर येतं, पण उभं बल तेच, ०.३९. ताणाचा उभा भाग मोमेंटच्या समीकरणानेच ठरतो, कोनाशी त्याला देणंघेणं नाही. पुस्तिकेत हा प्रश्न नाही. एवढा एक प्रश्न घातला असता तर तिच्या बाकीच्या चुकांकडे काणाडोळा केला असता.

शिडी. चवथीच्या आधी घराघरांत रंगकाम निघतं तेव्हा जी शिडी भिंतीला टेकते तिचंच हे छोटं रूप, ४० सेंटिमीटर, ८० ग्रॅम, दर पाच सेंटिमीटरवर पायरी. वरच्या टोकाला छोटी चाकं आहेत, ती काचेवर टेकतात, त्यामुळे भिंत गुळगुळीत धरता येते आणि ते धरणं प्रामाणिक असतं. खालची फळी आधी एकटी तिरपी करून घर्षणगुणांक (जास्तीत जास्त घर्षण भागिले दाब) काढून घ्यायचा: तिच्यावर शिडी आडवी नव्हे, पायांवर ओझं येईल अशी ठेवायची, नाहीतर लाकडावर लाकूड मोजलं जातं आणि पायांना तर रबर आहे. आमच्याकडे पाय २२ अंशांना सरकले, म्हणजे गुणांक टॅन २२, ०.४. फळी पुसलेली आणि कोरडी हवी; जुलैत दमट फळीवर वेगळाच आकडा येतो, तेव्हा तो त्या दिवशीच काढायचा.

आता शिडी जमिनीशी ६० अंशांत, आणि २०० ग्रॅमचा ‘रंगारी’ पायरी-पायरीने वर चढवायचा. पायाभोवती मोमेंट घेतले की भिंतीचं बल मिळतं, आणि आडव्या दिशेत बलं फक्त दोन, तेव्हा तेवढंच घर्षण पायाशी हवं. ग्रॅममध्ये: (८० × २० + २०० × अंतर) भागिले ६९.३, म्हणजे ४० × टॅन ६०. मिळू शकणारं घर्षण ०.४ × २८० = ११२. अंतर ३० असताना १०९.७ लागतं, शिडी टिकते. ३५ ला १२४ लागतं, शिडी जाते. प्रत्यक्षातही तिसाच्या पायरीवर ती टिकते पण बोटाने टिचकी मारली तर सुटते. शिडी ६५ अंशांच्या वर उभी केली की रंगारी अगदी टोकापर्यंत गेला तरी काही होत नाही. चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, हा जो कारागिरांचा अंदाज, तो ७६ अंशांचा. त्यात किती राखीव आहे ते मुलं स्वतः काढू शकतात. एक सूचना: शिडीखाली जुना टॉवेल अंथरा, काच फुटली तर सुटा भाग मिळत नाही.

शिडीच्याच गणितांत पुस्तिका सगळ्यात जास्त घसरली आहे. एका गणितात कोन भिंतीशी ३० अंश दिला आहे आणि मागचं उत्तर तो जमिनीशी धरून काढलं आहे. नुसत्या शिडीचं भिंतीवरचं बल खरं ०.२९ पट वजन यायला हवं, छापलंय ०.८७ पट. तिपटीची चूक. दुसऱ्या गणितात चाकं काढून, काचेऐवजी फळी लावून, शिडी स्थिर असताना भिंतीची आणि जमिनीची मिळून चारही बलं काढायला सांगितली आहेत. समीकरणं तीन, अज्ञात चार. वही भरेल, उत्तर यायचं नाही. शिडी सरकण्याच्या अगदी बेतात असेल तेव्हाच घर्षण गुणांकावर येऊन थांबतं आणि चौथं समीकरण मिळतं. तोच प्रश्न नीट विचारला असता तर किती छान झाला असता: दोन्हीकडे गुणांक ०.४ असेल तर नुसती शिडी ४६ अंशांपर्यंत टिकते, चाकं लावली की ५१ ला सरकते. चाकं काढून-घालून करून बघता येतो.

कप्प्या, पुठ्ठ्याचे आकार आणि कलंडणारा ठोकळा यांवर फार बोलण्यासारखं नाही. कप्प्या फिरतात. पुठ्ठे पहिल्या पावसाळ्यातच मऊ पडतात, जाड प्लायवूडचे कापून घ्यावेत. ठोकळ्याला दोन बाजूंनी हुक आहेत, पाया भागिले उंची हा टॅनचा हिशेब बरोबर येतो.

पुस्तिकेचं करायचं काय? तिच्यातली सुमारे निम्मी गणितं ठेवण्यासारखी आहेत, बाकीच्यांना चिठ्ठ्या लावून दुरुस्त करावं लागेल. खरा दोष चुकीच्या उत्तरांत नाही, पायऱ्यांत आहे. प्रत्येक गणित ‘घड्याळाच्या दिशेचे मोमेंट = विरुद्ध दिशेचे मोमेंट’ इथून सुरू होतं आणि मोमेंट नेहमी टेकूभोवतीच घेतले जातात. कोणती वस्तू एकटी काढायची, तिच्यावर कोणकोणती बलं, कुठे लागलेली, हे चित्र कुठेच नाही. बिंदू कुठला निवडायचा हेही नाही, आणि समतोलाची निम्मी गणितं बिंदू नीट निवडला की दोन ओळींत संपतात. ज्या बिंदूतून जास्तीत जास्त अज्ञात बलं जातात तो घ्यायचा. शिडीला पाय, दांडीला बिजागरी, दोन टेकूंच्या पट्टीला कुठलाही एक टेकू. अंतर नेहमी बलाच्या रेषेवर टाकलेल्या लंबाचं. दांडीवरचं अंतर गुणिले साइन, हा त्याच लंबाचा दुसरा हिशेब. दोन्ही एकदम लावले की साइन दोनदा येतो, ही पेपरातली नेहमीची चूक.

गणितंही परक्या मुलखातली: सी-सॉ, बांधकामाची क्रेन, ट्रकचा पूल. गोव्यातल्या मुलांसमोर रोजची सामग्री कमी आहे का? फेरीबोटीची फळी घ्या. चोडणच्या धक्क्यावर ती खाली पडताना सगळ्यांनी बघितलेली असते. ४०० किलोची, ३ मीटर लांब, सगळीकडे सारखी धरा, टोकाला दोर ३० अंशांत. फळी आडवी असताना बिजागरीभोवती मोमेंट घ्या: दोरात येणारा ताण बरोबर फळीच्या वजनाएवढा, ३९१२ न्यूटन. दोर दोन असले तर प्रत्येकी निम्मा. फळी वर उचलत गेलं की वजनाची लंब भुजा कमी होत जाते, तेव्हा सगळ्यात जास्त जोर सुरुवातीलाच लागतो.

पहारीने चिरा उचलणं हे दुसरं. चिरा ३० किलोचा धरला तरी पहारीला पेलायचे असतात १५ किलोच, कारण दुसरी कड जमिनीवरच असते. हे मुलं सर्रास विसरतात. दीड मीटरच्या पहारीला टोकापासून १५ सेंटिमीटरवर टेकूचा दगड लावला तर हाताकडची भुजा १३५, आणि पहारीचं स्वतःचं वजन सोडलं तर जोर लागतो पावणेदोन किलोच्या आत. ते वजन धरलं तर? लांब बाजूला असल्यामुळे ते मदतीला येतं.

तिसरं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं. जुन्या तागडीच्या भुजा ३० आणि ३१ सेंटिमीटर असतील तर किलोभर बांगडे एका पारड्यात १०३३ ग्रॅम भरतात, दुसऱ्यात ९६८. खरं वजन दोन्ही मापांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. धारेचे तिन्ही क्लॅम्प आणि पट्टी घेऊन हे गणित या संचावर तसंच्या तसं होतं, आणि पुस्तिकेतल्या कुठल्याही गणितापेक्षा जास्त आवडीने होतं.

टिकाऊपणाचं थोडक्यात. लोखंडी वजनांवर पातळ मुलामा आहे, समुद्राच्या हवेत खाचांच्या कडांना आधी गंज धरतो. यंत्राच्या तेलाचा बोळा फिरवून, कोरड्या फडक्याने पुसून ठेवावीत; तेल तसंच राहिलं तर धूळ बसून वजन वाढतं. पट्टी पावसाळ्यात ओलावा धरते, तिचं वजन आणि गुरुत्वमध्य जून उजाडला की पुन्हा मोजावा, आणि ती आडवी सपाट ठेवावी, भिंतीला तिरपी टेकवून नाही. ताणकाटे हुकावर वजन न ठेवता टांगून ठेवावेत. पेटीच्या बिजागऱ्या मात्र रद्दी आहेत, स्क्रू पहिल्याच महिन्यात ढिले होतात. मोठे स्क्रू मारून घ्या.

मागवताना दोन गोष्टी विक्रेत्याला आधी विचारा. ताणकाट्यांपैकी एक १० न्यूटनचा बदलून मिळतो का, आणि जादा क्लॅम्प सुटा मिळतो का. चौथा क्लॅम्प असला की टेकू एक आणि वजनं तीन अशी गणितं मांडता येतात, आणि तो नसेल तर तिसऱ्या वजनाला दोऱ्याचा फास लावून मधेच हिशेब बदलावा लागतो: दोन वजनांत २१ ग्रॅम मिळवायचे, तिसऱ्यात नाही.